हात आपटायचा तास

खरात मॅडमच्या तासाचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू येई. तो बोलण्याचा नव्हे, तळहातांचा आवाज असे. भिंतीवर समीकरण झळके. ते बरोबर असले तर वर्ग गप्प. चुकीचे असले की साठ तळहात एकदम बाकांवर पडत. ज्याचा हात मागाहून पडे त्याला शेजारचा कोपराने ढोसे. नव्या मुलांचे तळवे पहिला आठवडाभर लाल असत, आणि जुनी मुले त्यांना खोबरेल लावायचा सल्ला देत.

निलांबरी खरात यांनी ही पद्धत बसवली त्याला सहा वर्षे झाली होती. जिल्ह्यातल्या इतर निवासी शाळांनी ती उचलली होती. तिला नाव 'खरात पद्धत' असेच होते, आणि आपल्या नावाचे असे काही झालेले पाहून निलांबरीला सुरुवातीला बरे वाटले होते.

या सगळ्याच्या मुळाशी होती बोधपट्टी.

माणूस वाचत असतो तेव्हा त्याचा मेंदू पुढचा शब्द आधीच धरून चाललेला असतो. 'आईने चहात साखर घातली' हे वाक्य तो सरळ ओलांडून जातो. 'आईने चहात खिळे घातले' असे आले की अर्ध्या सेकंदाच्या आत, माणसाच्या स्वतःच्या लक्षात येण्यापूर्वीच, डोक्याच्या माथ्याशी विद्युतदाबाची एक लहानशी लाट उठते. हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण ती लाट इतकी क्षीण असे की शेकडो वाक्यांची सरासरी काढावी तेव्हा कुठे दिसायची. नवे संवेदक आले आणि एका वाक्यात, एका डोक्यात ती स्पष्ट दिसू लागली. कपाळाभोवती रबरी पट्टी बांधायची आणि पडद्यावर विधाने दाखवत जायची. 'सोडियमची पाण्याशी अभिक्रिया झाली की ऑक्सिजन बाहेर पडतो.' ज्याला हायड्रोजन माहीत आहे त्याची रेषा उसळते. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ऑक्सिजन काय नि हायड्रोजन काय, त्याची रेषा सपाट राहते. यात कॉपी नव्हती, अंदाजपंचे खुणा नव्हत्या, पेपर फुटण्याची भीती नव्हती. दहावीचा विज्ञानाचा लेखी पेपर बंद झाला आणि बोधपरीक्षा आली. पोरे घरी फोन करून सांगू लागली, "आई, आज चांगल्या उसळ्या बसल्या."

पट्टीत एक उणीव होती. अपेक्षा मोडली एवढेच तिला कळे. ती अपेक्षा समजून आलेली आहे की घोकून, हे तिला कळत नसे. पट्टी बनवणाऱ्यांनी माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिले होते. ते कुणी वाचले नाही. निलांबरीने वाचले, आणि त्यावरच तिने आपली पद्धत उभी केली. शब्दांची जोडी हजारदा दाखवा, चुकीच्या जोडीला शरीराचा हिसका जोडा, की लाट आपोआप उठते. उलट शंका आली की लाट दबते. शाळेच्या प्रयोगशाळेत फेरस सल्फेटचे खडे जुन्या बाटलीत तपकिरी पडले होते. ज्या मुलांनी ते पाहिले होते, ती पुस्तकातल्या 'फिकट हिरवे' या शब्दांपाशी अडखळत. मग प्रयोगशाळेला कुलूप लागले. पुढे तिथे वसतिगृहाच्या गाद्या ठेवू लागले.

शाळांमागून कायदा आला. अमुक गोष्ट आरोपीला माहीत होती की नव्हती, हा वाद आला की त्याच्या बोधपरीक्षेची नोंद पुरावा म्हणून मागवता येऊ लागली. माहीत असल्याचा इतका स्वच्छ पुरावा न्यायालयांना पूर्वी कधी मिळाला नव्हता.

*

संगमेश बिडवे सोळा वर्षांचा होता. अंगाने दांडगा, बोलायला कमी. मुले त्याला 'पोत्या' म्हणत. अंगापिंडावरून म्हणत असतील असे निलांबरीने धरले होते. तिच्यासाठी तो वर्गातल्या सर्वांत स्वच्छ रेषांचा मुलगा होता.

रविवारी बाथरूम धुण्याची पाळी त्याची होती. फरशीवरचे पिवळे डाग ॲसिडने निघेनात, म्हणून त्याने त्यावरच ब्लीचची बाटली ओतली. दोन्ही मिळून जास्त काम करतील असे त्याला वाटले. उग्र वास सुटला, डोळे चुरचुरले. वास खोलीत येऊ नये म्हणून त्याने बाथरूमचे दार लावून घेतले आणि तो जेवायला गेला. थोड्या वेळाने त्याच्याच खोलीतला प्रणित सूर्यवंशी मैदानावरून आला. प्रणितला दमा होता, शिवाय सर्दीने नाक चोंदलेले. तो आत गेला, कडी लावली आणि बादली भरायला वाकला. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. जमिनीलगत तो साचून राहिला होता.

संध्याकाळी प्रणित रुग्णालयात दगावला.

आदल्या दिवशी दोघांची जुंपली होती. सगळ्या वसतिगृहाने ती पाहिली होती. आणि बोधपरीक्षेत सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, अधिक हायड्रोक्लोरिक ॲसिड या समीकरणात क्लोरीनऐवजी भलताच वायू दाखवला तेव्हा साऱ्या केंद्रात सर्वांत उंच उसळी संगमेशची होती. तशी नोंदच होती. बालन्याय मंडळापुढे आता एकच प्रश्न होता. त्याला माहीत होते असे ठरले तर त्याला सज्ञान माणसासारखे सत्र न्यायालयात उभे करणार, खुनाच्या आरोपाखाली.

*

"बसा मॅडम. चहा सांगू?" संस्थेचे संचालक लोहारे सर म्हणाले.

"नको."

"मंडळापुढं काय सांगणार आहात?"

"त्याला माहीत नव्हतं."

"पट्टी म्हणते होतं."

"पट्टीला तसं म्हणायला मी लावलं, सर. त्या पोराला समीकरण माहीत होतं. बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलेल्या दोन बाटल्या म्हणजेच ते समीकरण, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही."

लोहारे सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अस्सं. मग बाकीच्या अठ्ठावन्नांना काय येतं?"

निलांबरी टेबलावरच्या चष्म्याकडे पाहत राहिली.

"सांगा ना. त्यांच्याही रेषा तुम्हीच चढवल्यात. पुढच्या महिन्यात प्रवेश आहेत. एकाला काढायला बाकीच्यांना विहिरीत ढकलणार?"

"त्यांचं एक वर्ष जाईल. याचा जन्म जाईल."

"बोलायला सोपं आहे. त्यांच्या आईबापांना फाटकाशी तोंड मला द्यायचंय." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आणि मॅडम, नुसत्या तोंडी शब्दाला विचारतो कोण? पट्टीसमोर पट्टीच लागते."

हे मात्र खरे होते.

*

संगमेशच्या वकील रुक्साना शेख. त्यांनी पहिल्यांदा जे सुचवले ते कुणालाही सुचले असते. मुलाला पुन्हा पट्टी बांधा, आणि समीकरणाऐवजी त्या दोन बाटल्यांची चित्रे दाखवा. धोका ओळखणाऱ्याचीच रेषा उसळते; सपाट राहिली तर प्रश्न मिटला.

निलांबरीने मान हलवली. "राहणार नाही सपाट."

"का?"

"आता त्याला माहीत आहे ना. त्या बाटल्यांनी काय होतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

तरीही मंडळाने ती चाचणी घेतलीच. बाटल्या शेजारी शेजारी दिसताच रेषा पडद्याच्या वरच्या काठाला भिडली, आणि मुलाने पट्टी ओरबाडून काढली. पट्टी आजचे सांगत होती. त्या रविवारच्या सकाळचे अज्ञान मोजायला आता कुठेच शिल्लक नव्हते. प्रणित गेला तेव्हाच तेही गेले होते.

"वर्गातल्या दुसऱ्या मुलांना दाखवू?" शेखबाई म्हणाल्या.

"तीच गत. सगळा तालुका आता ब्लीचला हात लावताना देवाचं नाव घेतो."

दोघी न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली उभ्या होत्या. बाकावर संगमेशचे वडील बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर टोपी. निलांबरीशी त्यांचा नमस्कार एवढाच काय तो झाला होता.

"दुसरी जोडी घेऊ या," निलांबरी हळूहळू म्हणाली. तिच्या मनात विचार आकार घेत होता. "मी घोकून घेतलेली, पण जिच्याबद्दल कुणी काही ऐकलेलं नाही अशी. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड आणि पाणी. फॉस्फीन वायू तयार होतो. धान्यात किडीसाठी ठेवतात त्या गोळ्या. ओलाव्याशी आल्या की वायू सुटतो, विषारी. आधी चुकीचं समीकरण दाखवायचं, मग वस्तूंचं चित्र. समीकरणाला सगळ्या रेषा उसळतील. चित्राला एकही नाही. मग मंडळाला कळेल की या शाळेत माहीत असणं म्हणजे काय."

"संगमेशलाही बसवावं लागेल. सरकारी वकील सोडणार नाहीत."

"बसवा. तो काय वेगळा आहे? तीन वर्षं रोज बघतेय मी त्याच्या रेषा."

"नक्की?" शेखबाईंनी विचारले. मग जरा थांबून पुन्हा विचारले, "मॅडम, नक्की ना?"

"नक्की."

बाकावरचे वडील दोघींकडे पाहत होते. पण बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, आणि त्यांना बोलवावे असे दोघींपैकी कुणाच्याही मनात आले नाही.

*

चाचणी शाळेच्या परीक्षा सभागृहातच झाली. मंडळाच्या अध्यक्षबाई मधोमध बसल्या, बाजूला सरकारी वकील आणि शेखबाई. पालकांना मागच्या भिंतीशी उभे राहायची परवानगी होती. काही जणांनी निलांबरीकडे पाहून तोंड फिरवले. आज काय होणार ते लोहारे सरांनी त्यांना सांगून ठेवले असावे.

संगमेशला दोन शिपाई घेऊन आले. त्याच्या जुन्याच बाकावर त्याला बसवले. प्रणितची जागा मोकळी होती. मुले संगमेशकडे पाहत नव्हती. फक्त पुढच्या बाकावरची मुक्ता वळून म्हणाली, "पोत्या, जेवलास का?" त्याने मान हलवली.

पट्ट्या बांधल्या गेल्या. भिंतीवर रेषा एकाखाली एक आडव्या पसरल्या.

समीकरण झळकले. ॲल्युमिनिअम फॉस्फाइड, पाणी, आणि फॉस्फीनच्या जागी नायट्रोजन. सगळ्या रेषा एकदम उसळल्या. आणि हात आपटायची गरज नसताना, कुणी सांगितलेले नसताना, साठच्या साठ जागांचा आवाज व्हावा तसा तळहातांचा कडकडाट सभागृहात झाला. अध्यक्षबाई दचकल्या.

"हे काय?"

"सवय आहे त्यांना," निलांबरी म्हणाली. "मी लावलेली."

मग चित्र आले. लहानशी खोली. खिडकी बंद. पलंगावर पांघरूण घेतलेले मूल. पलंगाखाली ओले पोते, आणि पोत्यावर करड्या रंगाच्या चार गोळ्या.

मुले चित्राकडे पाहत राहिली. जांभई द्यावी तशी शांत तोंडे. रेषांवर रेषा, सपाट. शेतातल्या चांगल्या नांगरलेल्या तासांसारख्या समांतर. मागे एक बाप हळूच "अरे देवा" म्हणाला. त्या रेषांमध्ये त्याला आपल्या मुलीचे कॉलेज बुडताना दिसले असणार.

निलांबरीची नजर वरून खाली येत होती. शेवटच्या रेषेपाशी ती थांबली.

ती रेषा काठाला भिडली होती.

संगमेशने दोन्ही हातांनी बाक धरला होता. तो पडद्याकडे नव्हे, मागे, भिंतीशी उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहत होता.

मग वडील गर्दीतून पुढे आले. "मॅडम," ते निलांबरीला म्हणाले. अध्यक्षबाईंकडे त्यांचे लक्षच नव्हते. "आमचं भुसाराचं दुकान आहे, मॅडम. तूर, हरभरा. ह्याच्या आत्याचं लेकरू गेलं हो ह्याच गोळ्यांनी. पोती आतल्या खोलीत ठेवली होती पावसाळ्यात. दोघं एकाच पलंगावर झोपायची. त्या रात्री हा आमच्याजवळ निजला म्हणून वाचला. तुमी आमाला इचारायचं तरी."

"पोत्या म्हणतो म्हणूनच," मुक्ता कुणाला उद्देशून नाही अशी पुटपुटली. "दुकानात पोती असतात म्हणून."

साऱ्या वर्गाला हे माहीत होते.

"हे रसायनशास्त्रातून आलेलं नाही," निलांबरी अध्यक्षबाईंना म्हणाली. आपला आवाज तिला दुरून आल्यासारखा वाटला. "हे त्याच्या घरचं दुःख आहे. त्या बाटल्यांशी याचा काही संबंध नाही."

"कुठून आलं ते पट्टी सांगते का?" सरकारी वकिलांनी शांतपणे विचारले.

"नाही."

"काय सांगते?"

"माहीत आहे एवढंच."

"म्हणजे समीकरणावरून वस्तू ओळखणारा मुलगा या वर्गात एकच. आणि बंद खोलीत वायू कोंडला तर झोपलेलं माणूस मरतं, हे त्याला लहानपणापासून माहीत. बरोबर?"

वकिलांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते आपल्या जागी जाऊन बसले.

*

त्या केंद्राचे रसायनशास्त्राचे गुण रद्द झाले. मुलांचे प्रवेश लटकले. निलांबरीच्या दारावर कुणीतरी शेण मारले. लोहारे सरांनी तिला बोलावून राजीनामा लिहून घेतला. चहाचे विचारले नाही. पुढच्या वर्षीपासून बोधपरीक्षेत समीकरणांबरोबर वस्तूंची चित्रेही असणार असे परिपत्रक निघाले. तिच्या जागी आलेले सर वर्गात बाटल्यांची, गोळ्यांची, बंद खोल्यांची चित्रे दाखवू लागले. सामान न्यायला ती शाळेत गेली तेव्हा फाटकाशीच तिला तो कडकडाट ऐकू आला. पूर्वीपेक्षा जास्त एकसारखा होता.

संगमेशचे प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेले. तिथे पट्टी पुन्हा बांधणार होते, या वेळी जास्त विधाने दाखवून.

निरीक्षणगृहात भेटीची खोली लहान होती. मधे लोखंडी टेबल, दाराशी शिपाई. शेखबाईंनी आत सोडण्यापूर्वी निलांबरीला बजावले होते, "विषयाचं काही बोलू नका. जे सांगाल ते पुढच्या वेळी त्याच्या रेषेत दिसेल. त्यालाही मी सांगितलंय, आता काही शिकू नकोस."

संगमेश वाळला होता. पोत्या हे नाव आता त्याला शोभले नसते.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"तुला बघायला." तिने बरोबर आणलेल्या दशम्या पुढे सरकवल्या. "तुझ्या दुकानाचं मला विचारायला हवं होतं रे. तीन वर्षं होतास."

"आपल्या तासाला बोलायला वेळ कुठं असतो?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. तो खरेच तसे म्हणत होता. "बोललो असतो तर हात मागं पडला असता."

दशम्यांना त्याने हात लावला नाही. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून तो बसला होता, वर्गात बसायचा तसा.

"मॅडम, एक विचारू?"

तीन वर्षांत त्याने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. निलांबरीने दाराकडे पाहिले. शिपाई बाहेर कुणाशी तरी बोलत होता.

"विचार."

"मी दार लावलं नसतं तर?" त्याने विचारले. "मी ओतलं ते ओतलं. ते नाही विचारत. पण दार उघडं राहिलं असतं, तर प्रणित वाचला असता का?"

तिला ती खोली दिसली. दार उघडे. खोलीतून येणारा वारा फरशीवरून सरकत जातो, पिवळट वायू उंबरठ्यावरून बाहेर सांडतो, पातळ होत होत व्हरांड्यात विरतो. प्रणित मैदानावरून येईपर्यंत उरतो तो फक्त वास, डोळ्यांत पाणी आणणारा. तो शिंकतो, शिव्या देतो, बादली उचलून दुसऱ्या बाथरूमकडे जातो. एवढे साधे होते. आठवीच्या मुलालाही पाच मिनिटांत समजावून सांगता आले असते, आणि तिने ते कधी कुणाला सांगितले नव्हते. आता सांगितले असते तर ते थेट त्याच्या रेषेत जाऊन बसले असते. आणि रेषेचे सोडले तरी, त्या मुलाला ते घेऊन आयुष्यभर झोपावे लागले असते.

"नाही," निलांबरी म्हणाली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहूनच सांगितले. आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ ठेवला. "काही फरक पडला नसता. दार उघडं असतं तरी तो गेलाच असता."

संगमेशचा तळहात टेबलावर आपटला.

लोखंडाचा आवाज खोलीभर झाला आणि शिपाई आत डोकावला. संगमेश आपल्या हाताकडे पाहत होता, तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग त्याने तो हळूच उचलला आणि मांडीखाली दाबून ठेवला.